बावीस प्रश्नांची मराठी

निवृत्त होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि निबंध सांगितल्यापेक्षा दीड पान जास्त लिहायची. आता ती सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोगांची डॉक्टर होती आणि तिथं डॉक्टरी शिकणाऱ्या मुलामुलींना शिकवतही होती. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग फाईल उघडण्याआधी ती उठली आणि बाहेरच्या खोलीकडचं दार हळूच लोटून आली. बाहेर माझे यजमान पेपर वाचत बसले होते.

"बाई, एक काम आहे. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मला वाईट वाटणार नाही," ती म्हणाली.

काम असं होतं. तिच्या ओपीडीत रोज कितीतरी बायका कंबर दुखते, अशक्तपणा आहे, अंगावरून पांढरं जातं अशा तक्रारी घेऊन येत. तपासून, धीर देऊन, पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांतल्या काहींच्या तोंडून खरं दुखणं बाहेर पडे. नवऱ्याजवळ जाताना होणारा त्रास. काहींचा तर वर्षानुवर्षांचा. तिला यावर नीट अभ्यास करून तो वैद्यकीय जर्नलमध्ये छापायचा होता, म्हणजे पुढे येणारे डॉक्टर हा प्रश्न आपण होऊन विचारतील. त्यासाठी बाहेरच्या देशांत वापरतात अशी एक इंग्रजी प्रश्नावली होती, बावीस प्रश्नांची. तिनं ती एका भाषांतर संस्थेकडून मराठीत करून घेतली, बायकांकडून भरून घेतली, लेख लिहिला आणि परदेशातल्या एका जर्नलकडे पाठवला. लेख परत आला. अशा जर्नलकडे आलेलं लिखाण छापण्याआधी त्या विषयातले दोन-तीन जाणकार तपासतात. त्यांतल्या एका परीक्षकानं कळवलं होतं की बहुतेक बायकांनी बहुतेक प्रश्नांना मधल्याच चौकोनात खूण केली आहे, तेव्हा एकतर यांना कसलाच त्रास नाही किंवा यांना प्रश्नच कळलेले नाहीत.

"प्रश्नच कळले नाहीत," ती म्हणाली. "आणि ते मला त्या परीक्षकानं सांगावं लागलं."

तिनं ते मराठी भाषांतर माझ्यापुढे ठेवलं. पहिलंच वाक्य होतं, 'गत चार सप्ताहांत लैंगिक क्रियेदरम्यान आपणांस कितपत उत्तेजनाची अनुभूती झाली?' व्याकरणात एक चूक नव्हती. तेहतीस वर्षं मराठी शिकवलेल्या मला ते एका वाचनात कळलं नाही.

मी तिला विचार करून सांगते म्हटलं. खरं तर त्या वेळी मला दार कधी उघडतं आणि ती कधी जाते असं झालं होतं. आठवीच्या वर्गात 'शृंगार रस' शिकवताना मी नेहमी पुढच्या रसाकडे लवकर जायची. माझ्या स्वतःच्या लेकीला पाळीबद्दल सांगायचं काम मी जावेवर टाकलं होतं. अशा बाईकडे ही मुलगी बावीस प्रश्न घेऊन आली होती. पण तिनं जाताना जे सांगितलं ते माझ्या मनातून जाईना. ती म्हणाली, "बाई, मला इंग्रजीत बोलता येतं, पुस्तकी मराठीत बोलता येतं. समोरच्या बाईशी बोलायला लागले की मी हातवारे करते."

तीन दिवस फाईल धान्याच्या डब्यांमागे होती. चौथ्या दिवशी दुपारी मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढली आणि कोरा कागद घेतला. तासाभरात कळलं की मला शब्दच माहीत नाहीत. मला दोन प्रकारचे शब्द ठाऊक होते. काही संस्कृत काव्यातले आणि काही रस्त्यावर भांडणात ऐकू येणारे. दुखणाऱ्या बाईनं डॉक्टरला सांगावेत असे शब्द या दोहोंत कुठेच नव्हते. तरी बायका बोलत असणारच. बाळंतपणं होतात, दुखणी होतात, आया-मावश्यांना काही ना काही सांगितलं जातंच. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं की घरी बसून हे होणार नाही, मला तुझ्या ओपीडीत बसू दे.

तिनं रीतसर परवानगी काढली. पांढरी साडी नेसून मी तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसू लागले, आठवड्यातून दोन दिवस. प्रत्येक बाईला ती आधी विचारायची की या मावशी ऐकायला बसल्या आहेत, चालेल का. काही जणी नको म्हणत. मग मी बाहेर बाकावर जाऊन बसायची. तिथे केसपेपर धरून बसलेल्या बायकांत माझं जास्तच शिक्षण झालं.

त्या ओपीडीतल्या सिस्टर विणकरांच्या तेलुगू घरातल्या. मराठी, तेलुगू, दख्खनी आणि कामापुरतं कन्नड, चारही बोलायच्या. बाईनं मान खाली घातली की सिस्टर तिच्या भाषेत एखादाच शब्द टाकायच्या आणि ती बाई बोलू लागायची. तो शब्द काय होता हे मी नंतर विचारून वहीत उतरवून घ्यायची. हळूहळू वही भरली. 'जवळ येतात', 'संबंध येतो', 'नवरा-बायकोचं'. योनीला कुणी 'मायांग' म्हणे, कुणी नुसतं 'खाली', कुणी 'ती जागा'. 'मन होत न्हाय', 'कोरडं पडतंय', 'आग होती', 'अंग आकसून घेती'. मी एवढी वर्षं ज्याला अशुद्ध म्हणून लाल शाईनं खोडत आले होते त्याच बोलीत सगळं होतं. कुणाच्याही कानाला टोचू नये असं, आणि नेमकं.

तिसऱ्या आठवड्यात भवानी पेठेतून एक बाई आली. पस्तिशीची असेल. शाळेच्या गणवेशांना कॉलर लावायचं काम करायची. कंबरदुखीसाठी आली होती. ती डॉक्टरच्या पहिल्या अभ्यासातही होती, म्हणजे तिनं तो जुना मराठी कागद भरलेला होता. डॉक्टरनं तो काढून पाहिला. समाधानाच्या प्रश्नापुढे तिनं 'पूर्णतः समाधानी' ला खूण केलेली होती. डॉक्टरनं तिला साध्या शब्दांत पुन्हा विचारलं की संबंधांबाबत ती समाधानी आहे का.

"व्हय की," ती म्हणाली. "लवकर आटपतंय."

सिस्टरांनी खिडकीकडे तोंड केलं. मग डॉक्टरनं विचारलं की लवकर आटपलं की बरं का वाटतं.

"जवळ आले की सुरी लागल्यावानी हुतंय, म्याडम. धाकटा झाल्यापास्नं. लवकर आटपलं म्हंजी बरंच की."

तिनं हे कॉलरच्या मापाबद्दल सांगावं तसं सांगितलं. तपासणीत टाक्यांच्या जुन्या व्रणाजवळ दुखतं ते सापडलं. डॉक्टरनं मलम दिलं, व्यायाम शिकवायला सिस्टरांकडे सोपवलं आणि नवऱ्याला एकदा घेऊन ये म्हणून सांगितलं. ती गेल्यावर आम्ही दोघी तो जुना कागद बघत राहिलो. त्या पहिल्या लेखात ही बाई 'पूर्णतः समाधानी' म्हणून मोजली गेली होती. अशा आणखी किती होत्या हे आता कळायचा मार्ग नव्हता.

त्या दिवसापासून माझी भीड गेली. सकाळी सातला स्वयंपाक उरकून मी टेबलाशी बसायची. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायची, खोडायची, पुन्हा लिहायची. समाधानाचा एक प्रश्न होता त्यातलं 'समाधान' कुणाचं, हे मराठीत ठळक करावं लागलं. 'तुम्हाला स्वतःला' असे दोन शब्द घालायला मी दोन दिवस घेतले, कारण ते घातले की वाक्य ताठ व्हायचं आणि काढले की बायका नवऱ्याचं उत्तर द्यायच्या.

मोठ्यानं वाचत असल्यामुळे घरात लपून काही राहिलं नाही. एका सकाळी मी अंघोळीहून आले तर माझे यजमान टेबलाशी उभे राहून कागद वाचत होते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत फाईली हाताळलेला माणूस, हातातला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवत नसे. मी दारातच थांबले. त्यांनी चष्मा काढला.

"सातवा प्रश्न बदल," ते म्हणाले. "असं विचारलंस तर तिला वाटेल, चूक तिची आहे."

मी वाचून पाहिलं. 'तुम्हाला किती वेळा नको म्हणावं लागलं?' असं मी लिहिलं होतं. त्यांचं बरोबर होतं. मी तिथेच उभ्यानं तो प्रश्न बदलला. ते बाहेर गेले, मी भाकरी थापायला घेतल्या आणि ते पाणी प्यायला म्हणून परत आत आले, पण पाणी न पिताच तिथे उभे राहिले. त्यांनी विचारलं, यातलं काही तुला होतं का.

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. मी तव्याकडे बघत सांगितलं की दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन-चार वर्षं मला दुखायचं.

"बोलली नाहीस."

"काय म्हणून सांगायचं, तेच कळायचं नाही."

मग त्यांनी माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि भाकरी उलटली. उशीरच झाला होता, एक बाजू करपली होती. ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. त्या विषयावर आम्ही नंतर कधी बोललो नाही, पण पुढच्या सगळ्या प्रश्नांचा प्रत्येक मसुदा त्यांनी वाचला आणि समासात पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या.

बावीस प्रश्न तयार झाले तेव्हा ते रुग्णालयाच्या नैतिकता समितीपुढे ठेवावे लागले. रुग्णांवर कुठलाही अभ्यास करायचा तर तो त्यांना अपाय करणारा नाही ना, हे ही समिती पाहते. तिच्यात डॉक्टर असतात, एक वकील असतो, बाहेरची एक-दोन माणसं असतात. प्रश्न ज्यांनी लिहिले त्यांनीच वाचून दाखवावेत असा निरोप आला. माझ्या विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, येते मी.

लांबट टेबलाभोवती नऊ माणसं होती, त्यांत दोन बायका. मी उभी राहिले आणि वर्गात धडा वाचायची त्या आवाजात पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पाचव्या प्रश्नाला एकानं घसा खाकरला. अकराव्याला कोणीतरी पंखा वाढवायला सांगितला. मी आवाज लहान केला नाही. वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की तोंडात शब्द अडखळला की ऐकणाऱ्याला तो घाणेरडा वाटतो. मी एकदाही अडखळले नाही, कारण महिनाभर तेच वाचत होते.

संपल्यावर समितीतले वयस्कर वकील म्हणाले की भाषा फारच उघडी आहे, चांगल्या घरच्या बायकांना असं विचारणं बरं दिसेल का.

"साहेब, हे शब्द चांगल्या घरच्या बायकांचेच आहेत," मी म्हटलं. "मी ते त्यांच्याकडून ऐकून लिहिले. आधीचे शब्द सभ्य होते. त्या शब्दांत विचारलं तेव्हा दुखणारी बाई समाधानी म्हणून लिहिली गेली."

मग डॉक्टरनं त्या जुन्या आणि नव्या उत्तरांची गोष्ट सांगितली, बाईची ओळख लागणार नाही अशी. समितीतल्या एका बाईंनी फक्त एवढं सुचवलं की सुरुवातीला 'उत्तर द्यायचं नसेल तर पुढे जा' असं मोठ्या अक्षरात असावं. आम्ही ते घातलं. परवानगी मिळाली.

यानंतरचं काम इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेकडे गेलं. त्यांनी मूळ प्रश्नावली पाहिलेली नव्हती. माझी मराठी त्यांनी पुन्हा इंग्रजीत करायची आणि ती मुळाशी जुळते का पाहायचं, अशी ही पद्धत. वीस प्रश्न जुळले. दोन चुकले. 'मन होतं का' याचं इंग्रजी 'तुम्ही आनंदी असता का' असं होऊन आलं. मी म्हटलं, सोलापुरातल्या कुठल्याही बाईला हे बरोबर कळतं. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगायच्या, वाचणाऱ्याला न कळलं तर चूक लिहिणाऱ्याची." मला राग आला आणि मग मी ते दोन प्रश्न बदलले. 'जवळ जावंसं वाटतं का' असं झालं. दुसऱ्या खेपेला सगळं जुळलं.

पुढचं जवळजवळ वर्षभर डॉक्टर आणि सिस्टर नव्या कागदावर उत्तरं घेत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना सिस्टर वाचून दाखवत. आता मधला चौकोन ओस पडला. खुणा कागदभर पसरल्या. डॉक्टरनं लेख नव्यानं लिहिला आणि लेखकांच्या यादीत तिच्यानंतर माझं नाव घातलं.

तिथे विभागप्रमुखांनी अडवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांच्या मते शाळेतल्या मराठीच्या बाईचं नाव वैद्यकीय लेखाच्या वर असणं शोभत नव्हतं. शेवटी आभारात एक ओळ टाका, असं ते म्हणाले. मी घरी विद्यार्थिनीला सांगितलं की आभार पुरे, मला नावाची हौस नाही. ती ऐकायला तयार नव्हती. तिनं प्रमुखांना सांगितलं की ज्यानं अभ्यासाचं साधन घडवलं त्याचं नाव वर असतं, हा जर्नलचाच नियम आहे, आणि त्या नियमाची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवून आली. नाव तिथेच राहिलं. नावाखाली संस्था लिहावी लागते. माझी कुठली संस्था? तिनं लिहिलं, 'स्वतंत्र भाषा-अभ्यासक, सोलापूर'. यजमानांनी ते वाचून मला दोन दिवस 'काय अभ्यासक' म्हणून हाक मारली.

लेख दुसऱ्या एका जर्नलला गेला. चार महिन्यांनी दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्यानं कौतुक केलं होतं. दुसऱ्यानं तीन पानं शंका लिहिल्या होत्या. बोलीभाषा वापरल्यानं शास्त्रीयता कमी झाली नाही कशावरून, भाषांतर करणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय शिक्षण नाही याचं काय, बायकांना नवे प्रश्न जास्त कळले याचा पुरावा कुठे. शेवटी मात्र होतं की लेखकांनी या सगळ्याची उत्तरं दिल्यास लेख पुन्हा पाहू.

माझी विद्यार्थिनी ते घेऊन आली आणि खुर्चीत नुसती बसून राहिली. ती थकली होती. दिवसभर ओपीडी, शस्त्रक्रिया, शिकवणं आणि वर हे. तिला एका भलत्याच जर्नलचा ईमेल आला होता, शंका न काढता आठवड्यात छापतो असा. ती म्हणाली की तिथे देऊन टाकते, बाई, छापलं की झालं.

मी तिला विचारलं की तिथे छापलेलं कोण वाचतं. ती म्हणाली, कुणी नाही. मग मी ती तीन पानं तिच्या हातातून घेतली. तेहतीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. तीन पानं शंका लिहिणाऱ्यानं लेख शेवटपर्यंत वाचलेला असतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, या माणसानं आपल्यासाठी वेळ घातलाय, आपण त्याला ओळीनं उत्तरं देऊ.

सहा रविवार आम्ही माझ्या टेबलावर ती उत्तरं लिहिली. ती इंग्रजीत लिहायची, मी मराठीत भांडायची. यजमान शेंगांची चटणी आणि भाकरी आणून ठेवायचे आणि निघून जायचे. पुराव्याच्या मुद्द्यावर आम्ही अडलो. आकडे तर दिले होते, पण जुना कागद का फसला हे आकड्यांनी दिसत नव्हतं. ते दिसत होतं कॉलर लावणाऱ्या त्या बाईच्या एका वाक्यात. नाव न घालता ते वाक्य छापायचं तरी तिची संमती हवी होती.

ती तोवर दोनदा येऊन गेली होती. तिचं दुखणं बरंच कमी झालं होतं. एकदा नवराही आला होता आणि डॉक्टरसमोर अंग चोरून बसला होता, पण सगळं ऐकून गेला होता. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सगळं समजावलं. तू जे बोललीस ते डॉक्टरांच्या पुस्तकात येईल, नाव-गाव काही येणार नाही, नको म्हणालीस तरी तुझ्या उपचारात फरक पडणार नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाव न्हाय ना?"

"नाही."

"मग लिवा की, मावशी. पर समदं लिवा. लवकर आटपतंय एवढंच लिवलं तर लोक हसतील. का म्हणले त्ये बी लिवा."

तिनं संमतीच्या कागदावर सावकाश सही केली. मी आजवर अनेक संपादकांच्या सूचना ऐकल्या, शाळेच्या वार्षिकांकापासून या जर्नलपर्यंत. इतकी अचूक सूचना दुसरी आठवत नाही. आम्ही तिचं वाक्य पुरतं घातलं, सुरीसकट, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत.

दुसऱ्या परीक्षकाचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. या वेळी अर्धं पान होतं. त्यानं लिहिलं होतं की ते एक उदाहरण वाचल्यावर त्याच्या बाकीच्या शंका मिटल्या, आणि हे बावीस प्रश्न मूळ मराठीत लेखासोबत जोडावेत.

लेख स्वीकारला गेला. मला वाटलं आता झालं. पण छपाईआधी प्रूफ आलं आणि ते पाहून मी हबकले. परदेशातल्या छापखान्याकडे देवनागरी नीट बसली नव्हती. वेलांट्या सुटून शेजारच्या अक्षरावर गेलेल्या, जोडाक्षरं फुटलेली, 'संबंध' मधले अनुस्वार हवेत लटकलेले. 'इच्छा' तर ओळखू येत नव्हती. दुरुस्त्या परत पाठवायला दोन दिवस दिले होते. डॉक्टर म्हणाली की मराठी वाचणारे तिकडे किती असणार, इंग्रजी तर ठीक आहे.

मला ते मान्य नव्हतं. त्या बायकांचे शब्द छापायचे तर फुटके छापायचे नाहीत. मी दोन्ही दिवस बसून बावीसच्या बावीस प्रश्नांत अक्षर अन् अक्षर खुणावलं, शंभराच्या वर खुणा झाल्या. छापखान्यानं कळवलं की त्यांच्या यंत्रणेत हे होणार नाही. आम्ही पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा तेच कळवलं. तेव्हा यजमानांनी एक साधी गोष्ट सुचवली. त्यांच्या कचेरीत फाँट बिघडला की ते पानाचं चित्र काढून चिकटवत. डॉक्टरनं आमचं नीट टाईप केलेलं पान चित्र म्हणून पाठवलं आणि ते जसंच्या तसं छापलं गेलं.

लेख आला तेव्हा काही वाजलं-गाजलं नाही. शेजाऱ्यांना कळलं नाही, ते बरंच झालं. माझी लेक पुण्याहून फोन करून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की ते मराठी पान तिनं छापून घेतलंय, तिच्या डॉक्टरला दाखवायला. मी जास्त विचारलं नाही. हवं तेव्हा बोल, एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं बोलायला फोन केला. विभागप्रमुखांनी तो लेख शिकणाऱ्या डॉक्टरांना वाचायला लावला. ओपीडीत आता कंबरदुखीच्या केसपेपरलाही हे प्रश्न जोडतात.

मग सीमेपलीकडच्या एका डॉक्टरांनी कन्नड भाषांतर करायची परवानगी मागितली, आणि त्यावरून सिस्टरांनी विचारलं की मग तेलुगूचं काय. तेलुगू मला येत नाही, पण प्रश्न कसे घडवायचे हे आता ठाऊक होतं. गेल्या गुरुवारी दुपारी मी शहराच्या पूर्व भागात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाई आणि शेजारच्या चौघीजणी टॉवेलांच्या दशांना गाठी मारत बसल्या होत्या. सिस्टरांनी पहिला प्रश्न तेलुगूत विचारला. त्या आधी एकमेकींकडे बघून हसल्या. मग सासूबाईंनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवून काहीतरी सांगितलं, त्यावर दुसरीनं मान हलवून वेगळंच सांगितलं, आणि पाहता पाहता पाचही जणी एकदम बोलू लागल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी वही उघडली आणि सिस्टरांना म्हटलं, थोरल्यांपासून सुरुवात करू, एकेकीचं नीट सांगा.